काचघरातून खिडकीत आलेली घटपर्णी

घटपर्णीच्या पानाचे टोक दोरीसारखे लांबत जाते आणि दोरीच्या शेंड्याला आलेली गाठ फुगून तिचा घट होतो. झाकण उघडण्याआधीच त्यात द्रव साठलेला असतो. ओल्या, निसरड्या काठावरून घसरलेली मुंगी त्यात बुडते आणि निकस जमिनीत न मिळणारे नत्र वनस्पतीला तिच्यातून मिळते.

एतिएन द फ्लाकूर या फ्रेंच अधिकाऱ्याने 1658 मध्ये मादागास्करच्या घटपर्णीचे वर्णन छापले. 1737 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने तिला ‘नेपेंथिस’ हे नाव दिले. होमरच्या ‘ओडिसी’त दुःख विसरायला लावणारे औषध याच नावाचे आहे. जिवंत रोपे युरोपात पोचणे मात्र अवघड होते. समुद्राचा खारा वारा आणि महिनोन्‌महिन्यांचा प्रवास त्यांना मारून टाकत. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी शोधलेल्या बंद काचपेटीने 1830 नंतर ही अडचण बरीच दूर केली.

एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध घटपर्णीच्या वैभवाचा. लंडनच्या चेल्सी भागातील व्हीच यांच्या रोपवाटिकेने बोर्निओला माणसे पाठवली, संकर केले आणि श्रीमंतांची काचघरे भरली. वनस्पती उष्ण देशातली, म्हणून तिला उष्णताच हवी, अशी तेव्हाची ठाम समजूत होती. कोळशाच्या भट्ट्या रात्रंदिवस पेटत. सखल जंगलातल्या जाती तिथे वाढल्या, उंचावरच्या गुदमरल्या. बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावरची ‘राजा’ ही जात दीड हजार मीटरच्या वर वाढते आणि तिला रात्री गारवा लागतो. 1881 मध्ये तिची कोवळी रोपे लंडनच्या प्रदर्शनात गाजली, पण 1905 पर्यंत व्हीच यांच्याकडे एकही उरले नव्हते. उणीव काळजीची नव्हती, तिच्या डोंगराची ओळख नव्हती. पहिल्या महायुद्धानंतर कोळसा आणि माळी दोन्ही महागले, काचघरे ओस पडली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऊतिसंवर्धनाने रोपे स्वस्त झाली आणि हौशी माणसाच्या खिडकीपर्यंत आली.

आज घरी रोप लावताना तोच धडा कामी येतो: जात सखलातली की उंचावरची, हे आधी विचारावे. बाकी पथ्ये थोडी आहेत. मुळांना हवा मिळेल असे शेवाळ आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे, पावसाचे किंवा क्षार नसलेले पाणी, भरपूर उजेड आणि दमट हवा. शेणखत घातलेल्या मातीत तिची मुळे कुजतात.

भारतात रानटी आढळणारी घटपर्णी एकच, मेघालयातली. खासी लोक तिला ‘तिएव-राकोट’, म्हणजे राक्षसफूल म्हणतात. गारो भाषेत ती ‘मेमांग-कोक्सी’, भुताची टोपली. बेसुमार उपटण्यामुळे ती धोक्यात आली आणि 1987 मध्ये धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेली. डोंगरावरून उपटून आणलेले रोप कोणीही विकत घेऊ नये. रोपवाटिकेत वाढवलेलेच मागावे.