संगीताचा परवाना : लंडनमधील लोकरंजन-नियमनाचा इतिहास

सार्वजनिक ठिकाणी गाणेबजावणे करावयाचे तर शासनाची अनुज्ञा घ्यावी लागते, ही गोष्ट समाजाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. इंग्लंडपुरते पाहिले तर या प्रथेचे मूळ संगीतविषयक कोणत्याही विचारात नसून चोऱ्या व दरोडे यांच्या बंदोबस्तात आहे. हे मूळ ध्यानी घेतल्यावाचून पुढील अडीच शतकांतील नियमनाची विसंगती उलगडत नाही.

अठराव्या शतकाच्या मध्यास लंडनमधील वाढत्या गुन्हेगारीने राज्यकर्ते चिंतित झाले होते. बो स्ट्रीटचे न्यायाधिकारी व कादंबरीकार हेन्री फील्डिंग यांनी १७५१ मध्ये दरोडेखोरांच्या वाढीची कारणमीमांसा करणारा निबंध प्रसिद्ध केला. कनिष्ठ वर्गाची चैनीची आवड हे त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक प्रमुख कारण होते. १७५१ चा म्हणून ओळखला जाणारा 'डिसऑर्डर्ली हाउसेस' कायदा याच विचाराच्या वातावरणात संमत झाला. गरीब माणूस करमणुकीपायी आपली तुटपुंजी मिळकत उधळतो आणि मग ती भरून काढण्यासाठी चोरीकडे वळतो, असा त्याच्या प्रास्ताविकाचा आशय आहे. लंडन व वेस्टमिन्स्टर आणि त्यांभोवतालचा २० मैलांचा टापू एवढ्या क्षेत्रात नृत्य, संगीत अथवा तत्सम रंजनासाठी चालविलेले घर, खोली वा बाग यांस परवाना आवश्यक ठरला. तो जस्टिस ऑफ द पीस या स्थानिक न्यायाधिकाऱ्यांच्या त्रैमासिक अधिवेशनात, किमान चौघांच्या सहीने मिळे. परवाना असल्याचा फलक दारावर मोठ्या अक्षरांत लावावा लागे. सायंकाळी पाचपूर्वी असे स्थान उघडता येत नसे. परवान्यावाचून ते चालविल्यास १०० पौंड दंड होई, इतकेच नव्हे तर तेथे सापडलेल्या प्रत्येकास पकडण्याचा अधिकारही पोलीस अंमलदारास मिळू शके. ड्रुरी लेन व कॉव्हेंट गार्डन यांसारखी राजमान्य नाट्यगृहे मात्र या कायद्यातून वगळण्यात आली. तेव्हा नियमनाचा रोख संगीतावर नव्हता, ते ऐकावयास जमणाऱ्या वर्गावर होता, हे उघड आहे. मूळ कायदा तीन वर्षांपुरता होता. १७५५ मध्ये तो कायम करण्यात आला.

१८४३ च्या नाट्यगृह कायद्याने नाटक आणि संगीत यांची फारकत अधिक पक्की केली. नाटकांच्या संहिता लॉर्ड चेंबर्लेनच्या तपासणीखाली राहिल्या, तर खाण्यापिण्यासह गाण्याचा कार्यक्रम देणारी स्थाने १७५१ च्या कायद्याखाली राहिली. १८५२ मध्ये चार्ल्स मॉर्टन याने लॅम्बेथ येथे उघडलेल्या कँटरबरी हॉलपासून 'म्युझिक हॉल' या संस्थेची भरभराट झाली.

१८८८ च्या स्थानिक स्वराज्यविषयक कायद्याने परवान्यांचा अधिकार न्यायाधिकाऱ्यांकडून काउंटी कौन्सिलांकडे आला. १८८९ मध्ये अस्तित्वात आलेल्या लंडन काउंटी कौन्सिलने त्यासाठी स्वतंत्र समिती नेमली. एक्झेटर येथील नाट्यगृहास १८८७ मध्ये आग लागून १८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. साहजिकच जिने, दरवाजे व आगप्रतिबंध यांविषयीची कौन्सिलची दक्षता लोकांना पटणारी होती. नीतिरक्षणाच्या बाबतीत तसे एकमत नव्हते. १८९४ मध्ये लीस्टर स्क्वेअरमधील एम्पायर थिएटरच्या परवान्याचे नूतनीकरण होऊ नये, म्हणून श्रीमती ऑर्मिस्टन चँट यांनी हरकत घेतली. प्रेक्षागारामागील फेरफटक्याच्या जागेत वेश्याव्यवसाय चालतो, असा त्यांचा आक्षेप होता. ती जागा प्रेक्षागारापासून अलग करावी व प्रेक्षागारात मद्य देऊ नये, अशा अटी कौन्सिलने घातल्या. थिएटरवर पोट असलेल्या शेकडो कामगारांच्या उपजीविकेचे काय, हा प्रश्न विरोधकांनी जाहीर सभांतून मांडला. नोव्हेंबरात उभारलेले आडपडदे जमावाने मोडून टाकले. त्या जमावात सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयातील विन्स्टन चर्चिल हा छात्रही होता. १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने हा प्रसंग वर्णिला आहे.

या प्रकरणाचे महत्त्व त्यातील दंग्यात नाही. न्यायाधिकाऱ्यांच्या हातचा निर्णय आता लोकनियुक्त संस्थेकडे आला होता. हरकतदार, मालक, कामगार व वृत्तपत्रे या सर्वांना त्या निर्णयावर आपले म्हणणे मांडता येऊ लागले. पण परवान्यामागील मूळ गृहीतक जसेच्या तसे राहिले. संगीतप्रसंग हा स्वभावतःच संशयास्पद असून निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आयोजकावर आहे, ही कल्पना न्यायाधिकाऱ्यांबरोबर गेली नाही.

ही कल्पना किती यांत्रिक बनू शकते, याचे उदाहरण १९६१ च्या व त्यामागून १९६४ च्या मद्यपरवाना कायद्यात सापडते. मद्यगृहात केवळ ध्वनिमुद्रित संगीत असेल, अथवा गाणारे-वाजविणारे दोहोंपेक्षा अधिक नसतील, तर संगीताच्या वेगळ्या परवान्याची गरज नसे. परिणामी ध्वनिवर्धकावरून कितीही मोठ्याने तबकड्या वाजविण्यास वेगळा परवाना लागत नसे. मात्र ध्वनिवर्धकाविना लोकगीते म्हणणाऱ्या तिघांना तो लागे. गोंगाट व गर्दी यांचे मोजमाप करण्याऐवजी कायदा कलावंतांची डोकी मोजीत होता.

२००३ च्या परवाना कायद्याने हा नियम रद्द केला. तो अंमलात आला नोव्हेंबर २००५ मध्ये. मद्य व मनोरंजन या दोहोंचे परवाने स्थानिक कौन्सिलांकडे एकवटले, परंतु दोघांची सवलत गेल्याने एकट्या गायकाचा जाहीर कार्यक्रमही सामान्यतः परवान्याच्या कक्षेत आला. गुन्हे व बेबंदपणा यांस प्रतिबंध हे या कायद्याच्या चार उद्दिष्टांपैकी पहिले उद्दिष्ट होते. १७५१ च्या प्रास्ताविकाशी त्याचे नाते सहज ओळखता येते. छोट्या स्थानांवरील या ओझ्याविरुद्ध कलावंतांनी दीर्घकाळ तक्रार केल्यानंतर २०१२ चा 'लाइव्ह म्युझिक' कायदा झाला. मद्यपरवाना असलेल्या जागी सकाळी आठ ते रात्री अकरा या वेळात २०० पर्यंत श्रोत्यांसाठी ध्वनिवर्धकासह होणारे संगीत त्याने मुक्त केले. २०१५ मध्ये ही मर्यादा ५०० झाली. उपद्रव झाल्यास परवान्याचा फेरविचार करून अटी पुन्हा लादण्याची मुभा कौन्सिलांकडे राहिली. तथापि कारण दाखविण्याचा भार आता नियंत्रकावर आला. परवान्याच्या इतिहासातील खरे स्थित्यंतर हेच होय.

महाराष्ट्राच्या अभ्यासकाला हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ अन्वये लोकरंजनाच्या स्थानांसंबंधी नियम करण्याचा अधिकार आयुक्तालयाच्या क्षेत्रात पोलीस आयुक्तांकडे आणि अन्यत्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे देण्यात आला. तो लोकनियुक्त नगरसंस्थांकडे आला नाही. १९६० च्या नियमांच्या शीर्षकातच मेळे व तमाशे यांचा उल्लेख आहे. पुढे वाद्यवृंद असलेल्या मद्यगृहांच्या परवान्यांत मंचावर चार स्त्रिया व चार पुरुष एवढेच कलावंत असावेत, अशी अट घालण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यातील स्त्री-पुरुष संख्येचे बंधन घटनाबाह्य ठरविले. एकूण आठांची मर्यादा मात्र कायम ठेवली. लंडनमध्ये गृहीतक बदलले ते संसदेच्या कायद्याने, येथे त्याला धक्का दिला तो न्यायालयाने. परवाना कोणी द्यावा, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी वरचेवर चर्चिला गेला आहे. परवाना मुळात कोणत्या अपायासाठी, हा अधिक मूलगामी प्रश्न मात्र लंडनमध्ये ऐरणीवर येण्यास अडीच शतके लागली. मंचावरील कलावंतांची संख्या अद्याप मोजणाऱ्या येथील नियमांना तोच प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.