ग्लास कॉकपिट (लहान विमाने)

लहान विमानाच्या वैमानिक-कक्षातील काटे फिरणारी यांत्रिक मापके काढून त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक पडदे बसविण्याच्या रचनेस ग्लास कॉकपिट असे म्हणतात. हे नाव काहीसे फसवे आहे, कारण काच जुन्या मापकांवरही होतीच. बदलली ती काचेमागील वस्तू. पूर्वी तेथे दाते, कमान्या आणि घूर्णी असत. आता तेथे संवेदक, संगणक आणि द्रवस्फटिक पडदा असतो. 'दर्शकपट' हा मराठी शब्द अर्थाला अधिक जवळचा असला, तरी वैमानिक व तंत्रज्ञ यांच्या बोलण्यात इंग्रजी नावच रूढ आहे.

यांत्रिक मापके

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा पस मॉथ विमानातून कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले, तेव्हा त्यांच्यासमोर मोजकीच मापके होती. मार्ग शोधण्याचे काम मुख्यतः डोळे, नकाशा आणि होकायंत्र करीत असे. ढगात शिरल्यावर मात्र डोळ्यांचा उपयोग उरत नाही. बाहेरचे क्षितिज दिसेनासे झाले की कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय वैमानिकास फसवते. विमान एका बाजूला कलून वळत असतानाही ते सरळ चालले आहे असे वाटते. यावर उपाय म्हणून कृत्रिम क्षितिज हे उपकरण आले. सप्टेंबर १९२९ मध्ये अमेरिकन वैमानिक जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कक्षात बसून, केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करून विमान परत उतरविले.

पुढे सहा मापकांची मांडणी जगभर रूढ झाली. वरच्या रांगेत डावीकडून वेगमापक, कृत्रिम क्षितिज आणि उंचीमापक. खालच्या रांगेत वळणदर्शक, दिशादर्शक घूर्णी आणि चढ-उताराचा वेग दाखविणारे मापक. यांपैकी वेग, उंची व चढ-उतार ही तीन मापके हवेच्या दाबावर चालतात आणि उरलेली तीन घूर्णीवर. बहुतेक लहान विमानांत कृत्रिम क्षितिज व दिशादर्शक यांच्या घूर्णी इंजिनाला जोडलेल्या निर्वात पंपाच्या साहाय्याने फिरत राहतात, तर वळणदर्शक विजेवर चालतो.

मर्मस्थान होते ते या पंपातच. त्याची कार्बनची पाती झिजून अचानक तुटतात. पंप बंद पडल्यावर घूर्णी लगेच थांबत नाही. ती मंदावत जाते आणि कृत्रिम क्षितिज हळूहळू कलू लागते. वैमानिक त्या खोट्या क्षितिजाशी विमान जुळवू पाहतो आणि स्वतःच विमान कलते करतो. पूर्ण बंद पडलेले मापक ओळखता येते. सावकाश खोटे बोलणारे मापक ओळखणे फार कठीण. १६ ऑक्टोबर २००० रोजी अमेरिकेतील मिझुरी राज्याचे राज्यपाल मेल कार्नाहन यांच्यासह तिघांचा सेसना ३३५ विमानाच्या अपघातात मृत्यू झाला. रात्रीच्या वेळी, खराब हवामानात वैमानिकाचे दिशाभान हरपले होते आणि मुख्य कृत्रिम क्षितिजाचा बिघाड हे त्याचे एक साहाय्यक कारण होते, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

इलेक्ट्रॉनिक पडद्यांचे आगमन

प्रवासी विमानांत पडदे आधी आले. बोइंग ७६७ (१९८२) आणि एअरबस ए३२० (१९८८) ही त्यांतील ठळक नावे. लहान विमानांना ते परवडण्यास आणखी दोन दशके लागली. जुन्या अवजड घूर्णींची जागा सूक्ष्म सिलिकॉन संवेदकांनी घेतली, तेव्हाच हे शक्य झाले. २००३ पासून सिरस विमानांत पडदे नेहमीच्या उपकरणांत गणले जाऊ लागले. २००४ मध्ये गार्मिन जी१००० ही प्रणाली आली आणि डायमंड व सेसना यांच्या नव्या विमानांत ती सर्रास दिसू लागली.

जुन्या विमानांचा प्रश्न वेगळा होता. सेसना १५२ चे उत्पादन १९८५ मध्येच थांबले, तरी ती विमाने अजून उडतात. अशा विमानांसाठी जुन्या मापकाच्याच गोल खाचेत बसणारी इलेक्ट्रॉनिक मापके निघाली. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१६ मध्ये तुलनेने स्वस्त अशा उपकरणांना प्रमाणित विमानांत बसविण्यास वाट मोकळी करून दिली आणि त्यानंतर या कामाला वेग आला.

बदलाचे काम

पडदा बसविणे हे दूरचित्रवाणी संच भिंतीवर लावण्याइतके सोपे नाही. निर्वात पंप व त्याच्या नळ्या निघतात. चुंबकीय संवेदक पोलादी भाग व वीजवाहक तारांपासून दूर, बहुधा पंखाच्या टोकाशी बसवावा लागतो आणि नंतर त्याचे मापन जुळवावे लागते. विजेच्या भाराचा हिशेब नव्याने होतो, विमानाचे वजन व गुरुत्वमध्य पुन्हा काढला जातो आणि उड्डाण-पुस्तिकेस पुरवणी जोडली जाते. भारतात अशा फेरबदलास नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) मान्यता लागते.

बाहेरील दाबनळी मात्र तीच राहते. तिच्या तोंडाशी कीटकाने घर केले किंवा बर्फ साचला, तर लाखमोलाचा पडदाही जुन्या काट्याइतकाच चुकीचा वेग दाखवतो. शिवाय सर्व काही विजेवर आल्याने जनित्र बंद पडल्यास काय, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी राखीव बॅटरी आणि स्वतंत्र पूरक मापके ठेवतात. चुंबकीय होकायंत्र आजही जागेवर असते. मार्गदर्शनाची माहिती दर २८ दिवसांनी अद्ययावत करावी लागते, हा खर्चही धरावा लागतो.

सुरक्षिततेचा वाद

पडद्यांमुळे अपघात घटतील, ही अपेक्षा जशीच्या तशी खरी ठरली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००२ ते २००६ या काळात बनलेल्या, एका इंजिनाच्या आठ हजारांहून अधिक लहान विमानांचा अभ्यास करून मार्च २०१० मध्ये निष्कर्ष मांडला: पडदे असलेल्या विमानांचे एकूण अपघात प्रमाणाने कमी, परंतु प्राणघातक अपघातांचे प्रमाण अधिक. याचा अर्थ पडदा घातक असतो, असा काढणे घाईचे होईल. ही विमाने लांबच्या प्रवासाला व उपकरणाधारित उड्डाणाला अधिक वापरली जात होती, तर काट्यांची विमाने मुख्यतः शिकविण्यासाठी. तरीही मंडळाने बोट ठेवले ते प्रशिक्षणावर: बिघाड झाल्यावर पडदा कसा वागतो, हे वैमानिकास ठाऊक असले पाहिजे.

वाचनाची रीतही बदलते. काटा कोठे आहे हे न वाचताही नजरेच्या कोपऱ्यातून कळते. घड्याळात पाहून वेळ समजावी तसे. पडद्यावरील सरकत्या पट्टीवर आकडा वाचावा लागतो. त्याची भरपाई म्हणून काही प्रणाली आणखी सहा सेकंदांनी वेग किती असेल, हे रेषेने दाखवतात. एका पद्धतीवर शिकलेल्याला दुसरी सरावावी लागते, आणि काट्यांकडून पडद्याकडे येण्यापेक्षा पडद्याकडून काट्यांकडे परत जाणे कठीण, असे अनेक प्रशिक्षक मानतात.

महाराष्ट्रात

गोंदियाजवळील बिरसी विमानतळावरील राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेत डायमंड डीए४० व डीए४२ ही पडद्यांची विमाने वापरली जातात. तेथील विद्यार्थी प्रवासी विमानाच्या पडद्यासमोर बसतो तेव्हा त्याला ते अनोळखी वाटत नाहीत. जुन्या सेसनांवर शिकलेल्यास हा टप्पा स्वतंत्रपणे ओलांडावा लागतो.

नाशिक जिल्ह्यात हे स्थित्यंतर लष्करी विमानांच्या रूपाने दिसते. नाशिक येथील लष्करी हवाई प्रशिक्षण केंद्रात वैमानिक चेतक व चीता या काट्यांच्या हेलिकॉप्टरांवर शिकत आले आहेत. ध्रुव हेलिकॉप्टरच्या नंतरच्या आवृत्त्यांत मात्र त्यांच्यासमोर पडदे येतात. लासलगावच्याच निफाड तालुक्यात असलेल्या ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ विमानांचे 'बायसन' रूपांतर झाले. तो अर्धा बदल होता: बहुकार्यी पडदा आणि वैमानिकाच्या नजरेसमोर माहिती दाखविणारा दर्शक आला, तरी त्याभोवती गोल मापके राहिलीच. सप्टेंबर २०२५ मध्ये ती विमाने वायुसेनेतून निवृत्त झाली. त्याच वर्षी १७ ऑक्टोबर रोजी ओझर येथे एचटीटी-४० या प्राथमिक प्रशिक्षण विमानाच्या दुसऱ्या उत्पादन साखळीचे उद्घाटन झाले. या विमानात नवशिका वैमानिक आरंभापासूनच पडद्यांवर शिकतो.