खाटेवर रुग्ण आहे, तोवर रुग्णालय चालू आहे : लंडन, १९७६

१/
रखमाबाई १८८९ साली वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेल्या, हे आपण जाणतो. स्त्रियांसाठीच्या ज्या विद्यालयात त्या शिकल्या, त्याच्या अधिष्ठाता तेव्हा एलिझाबेथ गॅरेट अँडरसन होत्या. याच बाईंनी स्थापन केलेले रुग्णालय १९७६ मध्ये काटकसरीपायी बंद होऊ घातले होते. ते कोणी आणि कसे वाचवले, त्याविषयी हा धागा.

२/
एलिझाबेथबाईंनी १८६५ मध्ये सोसायटी ऑफ अपॉथेकरीजकडून वैद्यकीचा परवाना मिळवला. संस्थेने लगेच नियम बदलून ती वाट इतर स्त्रियांना बंद केली. बाईंनी १८६६ मध्ये दवाखाना काढला आणि १८७२ मध्ये त्याचे रुग्णालय झाले. उपचार करणाऱ्या स्त्रिया आणि घेणाऱ्याही स्त्रिया, हे त्याचे वैशिष्ट्य. पुढे युस्टन रोडवर स्वतःची इमारत उभी राहिली आणि बाईंच्या निधनानंतर रुग्णालयाला त्यांचेच नाव देण्यात आले.

३/
५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये नॅशनल हेल्थ सर्व्हिस सुरू झाली आणि हे रुग्णालय तिच्यात सामील झाले. खर्च करांतून व्हावा, उपचार विनामूल्य मिळावेत, हे तिचे तत्त्व. पण पैशांचा वाद जन्मापासूनच तिच्या पाठीशी लागला. १९५१ मध्ये चष्मे आणि कवळ्यांवर शुल्क लावायचे ठरले, तेव्हा या सेवेचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

४/
१९७५ मध्ये महागाईचा वार्षिक दर २४ टक्क्यांवर पोचला. १९७६ मध्ये सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे ३९० कोटी डॉलरचे कर्ज मागितले. त्याच वर्षी सरकारी खर्चावर ‘रोख मर्यादा’ आली. पूर्वी भाव वाढले की अनुदानही वाढे. आता वर्षाची रक्कम आधीच ठरू लागली. भाव त्याहून अधिक वाढले, तर तूट सेवेतूनच भरून काढायची. रुग्णालयाचा सर्वांत मोठा खर्च पगारांचा असतो. म्हणून कात्री प्रथम रिकाम्या जागांवर चालते : कोणी निवृत्त झाले, सोडून गेले, की ती जागा भरायचीच नाही.

५/
प्रशासनाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. १९७६ च्याच एका सरकारी अहवालाने दाखवून दिले, की लंडन परिसराला गरजेच्या मानाने अधिक निधी मिळतो आणि उत्तरेकडील प्रदेशांना कमी. निधी लोकसंख्या आणि आजारपण पाहून वाटावा, ही सूचना मुळात समतेची होती. पण एकूण रक्कम वाढत नसताना समता आणायची, तर एकाच्या ताटातले काढूनच दुसऱ्याला वाढावे लागते. लंडनची छोटी, जुनी रुग्णालये या पेचात सापडली.

६/
रुग्णालय बंद करणे सोपे नव्हते. १९७४ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत नागरिकांच्या आरोग्य परिषदा होत्या. त्यांनी हरकत घेतली, की निर्णय थेट मंत्र्यांकडे जाई. त्यावर पळवाट निघाली ती ‘तात्पुरते बंद’ या शब्दांची. तात्पुरत्या बंदसाठी ही सगळी प्रक्रिया लागत नसे. मग क्रम ठरलेला : जागा भरायच्या नाहीत, परिचारिका कमी म्हणून कक्ष मिटायचा, कक्ष मिटला म्हणून रुग्ण घटायचे आणि रुग्ण घटले म्हणून रुग्णालय अनावश्यक ठरवायचे. बंदचा हुकूम निघण्याआधीच रुग्णालय आतून संपलेले असे.

७/
एलिझाबेथ गॅरेट अँडरसन रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनी हा क्रम ओळखला. संप केला असता, तर कक्ष आणखी लवकर रिकामे झाले असते. म्हणून नोव्हेंबर १९७६ मध्ये त्यांनी उलटा मार्ग धरला. स्कॉटलंडमधील क्लाइड नदीकाठच्या जहाजबांधणी कामगारांनी १९७१ मध्ये ‘वर्क-इन’ केले होते, म्हणजे काम बंद पाडण्याऐवजी कारखाना आपल्या ताब्यात घेऊन काम चालू ठेवले होते. तीच युक्ती आता प्रथमच एका ब्रिटिश रुग्णालयात आली.

८/
तिचे मर्म साधे होते. दाखल रुग्णाची जबाबदारी प्रशासनाला झटकता येत नाही. तेव्हा डॉक्टरांनी रुग्ण दाखल करत राहायचे, परिचारिकांनी पाळ्या चुकवायच्या नाहीत, स्वयंपाकघर आणि सफाई थांबू द्यायची नाही. बाहेर पहारा, सह्यांची मोहीम, मोर्चे. पुरुष डॉक्टरांपुढे संकोचणाऱ्या स्त्रियांनी जायचे कोठे, हा प्रश्न स्त्री चळवळीनेही उचलून धरला.

९/
प्रत्येक ठिकाणी हे साधले नाही. पश्चिम लंडनमधील हाउन्स्लो रुग्णालयात असेच आंदोलन चालू होते. ६ ऑक्टोबर १९७७ रोजी अधिकारी खासगी रुग्णवाहिका घेऊन आले आणि त्यांनी उरलेल्या वृद्ध रुग्णांना खाटांवरून उचलून हलवले. कक्षांत मोडलेल्या, उलटलेल्या खाटा आणि विखुरलेले सामान मागे राहिले. रुग्ण हेच आंदोलनाचे बळ आहे, हे प्रशासनालाही कळले होते. त्याची किंमत मोजली ती ज्यांना कोणी काही विचारले नव्हते, अशा म्हाताऱ्या माणसांनी.

१०/
युस्टन रोडवरील लढा मात्र टिकला. १९७९ मध्ये रुग्णालय बंद न करता स्त्रीरोगांचे छोटे रुग्णालय म्हणून चालू ठेवण्याचे ठरले. विजय अर्धाच होता. पूर्वीचे सर्व विभाग परत आले नाहीत. त्या काळात इतर अनेक छोटी रुग्णालये मिटली, त्यांची नावेही आता फारशी कोणाला आठवत नाहीत.

११/
या प्रकरणातून इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट शिकता येते. कपातीचा इतिहास केवळ अर्थसंकल्पाच्या आकड्यांत शोधू नये. तो न भरलेल्या जागांच्या नोंदींत, मिटलेल्या कक्षांच्या तारखांत आणि ‘तात्पुरते’ या शब्दाच्या वापरात सापडतो. पैसा खरोखरच अपुरा असू शकतो. तेव्हा काय वगळायचे, हे कोणाला तरी ठरवावेच लागते. पण तो निर्णय उघडपणे, नाव लावून, ज्यांच्यावर तो पडणार त्यांच्यासमोर घेतला जातो, की रिकाम्या खुर्च्यांकडून गुपचूप करवून घेतला जातो, यात मोठे अंतर आहे.

१२/
रुग्णालयाने पुढे ती इमारत सोडली. बाईंचे नाव आज युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या एका विभागाला आहे. आणि युस्टन रोडवरील जुनी वास्तू? तिची डागडुजी होऊन ती एका मोठ्या कार्यालयात सामावली गेली. ते कार्यालय आहे युनिसन या संघटनेचे, म्हणजे रुग्णालयांतील परिचारिका, सफाई कामगार आणि इतर सार्वजनिक सेवकांच्या संघटनेचे.
(समाप्त)