टो-बार आणि मागील पार्किंग सेन्सर

मोटारगाडीच्या मागे ट्रेलर, कॅराव्हॅन अथवा सायकली वाहून नेण्याची चौकट जोडता यावी म्हणून बसवलेल्या पोलादी जोडदांड्यास टो-बार असे म्हणतात. गाडी मागे घेताना अडथळ्याची सूचना देणारे पार्किंग सेन्सर मागील बंपरमध्ये असतात. त्यामुळे टो-बार बसवला की त्याचा गोळा सेन्सरांच्या समोरच येतो. याचे परिणाम दोन प्रकारचे असतात. कधी सेन्सर त्या गोळ्यालाच अडथळा समजतात आणि गाडीमागे काहीही नसताना वाजत राहतात. कधी ते गोळ्याची दखल घेत नाहीत आणि बंपरपासूनचे अंतर सांगत राहतात. प्रत्यक्षात गाडीचे शेवटचे टोक आता बंपर नसून गोळा असतो. पहिला परिणाम त्रासदायक असल्याने चालकाच्या लगेच ध्यानात येतो. दुसरा निमूट असतो, आणि म्हणूनच अधिक धोक्याचा ठरतो.

ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स यांसारख्या देशांत खासगी मोटारीमागे कॅराव्हॅन जोडून सुटीस जाण्याची प्रथा रूढ असल्यामुळे हा प्रश्न प्रामुख्याने युरोपात जाणवतो.

अंतर कसे मोजले जाते

बहुतेक गाड्यांतील पार्किंग सेन्सर श्राव्यातीत ध्वनीवर, म्हणजे मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या ध्वनीवर चालतात. ही कंप्रता साधारणतः ४० ते ६० किलोहर्ट्‌झच्या दरम्यान असते. सेन्सरमधील दाबविद्युत् चकतीला विद्युत्-स्पंद दिला की तिच्याशी जोडलेला पडदा कंप पावतो व ध्वनीचा एक लहानसा झोत बाहेर पडतो. हा झोत अडथळ्यावर आपटून परत आला की तोच पडदा पुन्हा थरथरतो व त्यातून विद्युत्-संकेत निर्माण होतो. दाबविद्युत् परिणाम प्येर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये शोधून काढला होता. वटवाघूळ अंधारात वाट काढते ते याच तत्त्वावर.

२० अंश सेल्सिअस तापमानाला हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. अडथळा दीड मीटरवर असेल, तर ध्वनीला जाऊन-येऊन तीन मीटर अंतर कापावे लागते व त्यास ९ मिलिसेकंदांहून थोडा कमी वेळ लागतो. नियंत्रक हा वेळ मोजतो, त्याला ध्वनीच्या वेगाने गुणतो आणि निम्मे करतो. अडथळा जवळ येईल तसे इशाऱ्याचे ठोके जलद होतात. अंतर सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत घटले की बहुतेक गाड्यांत ठोक्यांऐवजी सलग आवाज सुरू होतो. ‘थांबा’ असा त्याचा अर्थ.

या पद्धतीला जवळच्या बाजूने एक मर्यादा आहे. घंटेवर टोला दिल्यानंतर ती काही काळ घुमत राहते, त्याप्रमाणे स्पंद संपल्यावरही सेन्सरचा पडदा क्षणभर कंप पावत राहतो. त्या अवधीत परतलेला प्रतिध्वनी त्याला वेगळा ओळखता येत नाही. हे घुमणे सव्वा मिलिसेकंद टिकले, तर सुमारे २० सेंटिमीटरच्या आतील वस्तू त्या सेन्सरच्या दृष्टीने नसल्यासारखीच असते.

गोळ्याची जागा

युरोपातील टो-बारच्या गोळ्याचा व्यास ५० मिलिमीटर असतो आणि भारित गाडीत त्याचे केंद्र जमिनीपासून ३५० ते ४२० मिलिमीटर उंचीवर असावे लागते. म्हणजे गोळा सहसा सेन्सरांच्या ओळीपेक्षा थोडा खाली आणि बरोबर मध्यभागी असतो. मागील बंपरमध्ये बहुधा चार सेन्सर असतात. त्यांतील मधल्या दोघांच्या बेचक्यात गोळा येतो.

एक उदाहरण घेऊ. मधले दोन सेन्सर परस्परांपासून ५४ सेंटिमीटरवर आहेत, गोळा बंपरच्या मागे १५ सेंटिमीटर आलेला आहे व सेन्सरांच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली आहे असे मानले, तर प्रत्येक सेन्सरपासून गोळ्याचे सरळ अंतर सुमारे ३२ सेंटिमीटर भरते. हे अंतर सलग आवाजाच्या मर्यादेच्या अगदी काठावर आहे. बंपरचा आकार किंवा गोळ्याची लांबी दोन-चार सेंटिमीटरने बदलली, तरी निकाल बदलतो. एकाच प्रकारचा टो-बार एका गाडीत बिनतक्रार चालतो व दुसऱ्या गाडीत सतत बोंब मारतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. अशा वेळी ‘सेन्सर बिघडला’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

गोळ्याचा आकारही महत्त्वाचा आहे. सपाट भिंत ध्वनीचा मोठा अंश आल्या दिशेने परत पाठवते, तर लहान व वाटोळी वस्तू तो चहूकडे विखुरते. त्यामुळे गोळ्याचा प्रतिध्वनी क्षीण असतो. काही सेन्सरांना तो जाणवतच नाही. गोळ्यावर टोपण चढवले, विजेच्या सॉकेटची पट्टी खाली लोंबू लागली किंवा सायकलींची चौकट बसवली, की परावर्तन करणारा पृष्ठभाग वाढतो आणि कालपर्यंत गप्प असलेले सेन्सर बोलू लागतात.

विनाकारण वाजण्यावरील उपाय

गाडीच्या कारखान्यातच टो-बार बसवलेला असेल, तर त्याची नोंद नियंत्रकाच्या आज्ञावलीत केलेली असते. नंतर बसवलेल्या टो-बारसाठीही पुष्कळ गाड्यांत अशी नोंद करून घेता येते. नोंद झाल्यावर नियंत्रक ठरावीक अंतरावरून येणारा स्थिर प्रतिध्वनी मोजणीतून वगळतो. बाजारात स्वतंत्रपणे मिळणाऱ्या काही सेन्सर-संचांत गाडीवर कायम असलेली वस्तू ‘लक्षात ठेवण्याची’ सोय असते.

मात्र वगळणे म्हणजे पाहणे नव्हे. गोळ्याच्या प्रतिध्वनीकडे काणाडोळा करायला शिकलेला सेन्सर तेवढ्याच अंतरावरील दुसऱ्या वस्तूकडेही काणाडोळा करण्याचा संभव असतो. गोळा काढून ठेवला आणि नोंद तशीच राहिली, तर ही उणीव विनाकारण उरते. नंबरप्लेट अथवा दिवे झाकणारा गोळा वापरात नसताना अवजारांवाचून काढता किंवा बाजूला वळवता आला पाहिजे असा युरोपात नियम असल्याने काढता येणारे व बंपरखाली दुमडणारे टो-बार तेथे प्रचलित आहेत. सेन्सरांच्या दृष्टीनेही ते सोयीचे पडतात.

मोजणी कोठून होते

सेन्सर स्वतःपासूनचे, म्हणजे बंपरपासूनचे अंतर सांगतात. वरच्याच उदाहरणात सलग आवाज सुरू झाला त्या क्षणी भिंत बंपरपासून ३० सेंटिमीटरवर आहे असे समजू. गोळा १५ सेंटिमीटर बाहेर असल्याने भिंत व गोळा यांत निम्मेच अंतर उरलेले असते. सलग आवाजानंतरही ‘अजून वीतभर जागा आहे’ या सवयीने गाडी मागे सरकवणारा चालक गोळा भिंतीवर आदळवतो, किंवा मागील गाडीच्या बंपरमध्ये घुसवतो. रुंद बंपरचा धक्का पसरतो. पाच सेंटिमीटरच्या गोळ्याचा सगळा जोर एका बिंदूवर येतो. काही गाड्यांत टो-बारची नोंद केल्यावर सलग आवाजाची मर्यादा तेवढ्याने पुढे ढकलली जाते. ही सोय आपल्या गाडीत आहे की नाही, हे माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे लागते.

ट्रेलर जोडलेला असताना

ट्रेलरची पुढची भिंत सेन्सरांच्या टप्प्यात येत असल्याने रिव्हर्स गिअर टाकताच इशारा सुरू होतो व थांबत नाही. म्हणून गाडीनिहाय बनवलेल्या वायरिंगमध्ये ट्रेलरचा प्लग सॉकेटमध्ये बसला की त्याची वर्दी नियंत्रकाला मिळते आणि मागील सेन्सर आपोआप बंद होतात. युरोपात सॉकेट ७ किंवा १३ पिनांचे असते. दिवे असलेल्या सायकल-चौकटीचा प्लग लावल्यावरही हेच घडते. सर्व गाड्यांना चालेल असे स्वस्त वायरिंग बसवले असेल, तर ही वर्दी पोहोचत नाही आणि चालकाला दर वेळी बटण दाबून सेन्सर बंद करावे लागतात. खरी अडचण येथे आहे. वरचेवर बंद करावी लागणारी यंत्रणा ट्रेलर सोडल्यानंतरही बंदच राहण्याची भीती असते. त्यातच, सेन्सर आपोआप बंद झाले तरी ट्रेलरच्या मागे काय आहे हे सांगणारे दुसरे काही गाडीत नसते; तेथे खाली उतरून पाहणारा सोबतीच उपयोगी पडतो.

विद्युतचुंबकीय सेन्सर

या प्रकारात बंपरच्या आतून एक धातूची पट्टी चिकटवलेली असते. गाडी हळू सरकत असताना भोवतीच्या क्षेत्रात होणारा बदल ती टिपते. टो-बार गाडीबरोबरच सरकत असल्याने त्याच्यामुळे बदल होत नाही व खोटा इशारा टळतो. मात्र गाडी थांबली की ही पट्टीही गप्प होते.

कायदे

मागे येणाऱ्या गाडीखाली सापडणाऱ्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे असल्यामुळे अनेक देशांनी या यंत्रणांबाबत नियम केले. अमेरिकेत अशाच अपघातात दगावलेल्या एका बालकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यानंतर मे २०१८ पासून नव्या हलक्या वाहनांत मागील कॅमेरा अनिवार्य झाला. युरोपीय संघाने २०१९ च्या विनियमानुसार गाडीमागील व्यक्ती व वस्तू ओळखणारी व्यवस्था जुलै २०२२ पासून नव्या नमुन्यांना आणि जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींना लागू केली. भारतात एआयएस-१४५ या मानकानुसार १ जुलै २०१९ पासून उत्पादित होणाऱ्या प्रवासी मोटारींत मागे घेतानाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे.

भारतातील स्थिती

भारतात मोटारीमागे कॅराव्हॅन ओढण्याची प्रथा फारशी नसल्याने टो-बार क्वचितच दिसतो. मात्र प्रश्नाचे मूळ तत्त्व येथेही लागू पडते. महिंद्र थारसारख्या गाड्यांत स्टेपनी मागील दारावर बाहेरून बसवलेली असते व ती बंपरच्या मागे येते. येथेही गाडीचे शेवटचे टोक सेन्सरांच्या ओळीत नसून तिच्या पलीकडे असते. स्टेपनी सेन्सरांपेक्षा बरीच वर असल्याने खोटा इशारा सहसा मिळत नाही, परंतु भिंतीपर्यंतचे अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त वाटते. हौसेने मागील बंपरवर बसवलेले धातूचे गार्ड मात्र थेट सेन्सरांच्या समोर येतात. अशा गार्डांमुळे पादचाऱ्यांना धोका पोहोचतो म्हणून केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना ते बसवणाऱ्यांवर कारवाई करण्यास सांगितले होते.