तालावर उजळलेले घर

लहानपणी आम्ही गणपतीच्या मखराला दिव्यांची माळ लावायचो. एक दिवा गेला की सारी माळ अंधारायची. म्हणून नाताळच्या दिव्यांची ही हकीकत मला जवळची वाटते.

डिसेंबर १८८२ मध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कमधील आपल्या घरी नाताळचे झाड लाल, पांढऱ्या, निळ्या ८० दिव्यांनी सजवले. झाड विजेवर फिरे, तसे दिवे विझत, पुन्हा उजळत.

पुढे २००४ मध्ये ओहायो राज्यातील मेसन गावी एका विद्युत अभियंत्याने आपल्या घरावरचे सुमारे १६ हजार दिवे वाद्यसंगीताच्या ठेक्यावर नाचवले. दिव्यांचे ८८ गट केले. कोणता गट केव्हा पेटायचा, हे संगणक सांभाळी. भोंगा मात्र लावला नाही. संगीत छोट्या एफएम प्रक्षेपकावरून सोडले. बघे ते मोटारीतल्या रेडिओवर ऐकत. शेजाऱ्यांना त्रास नाही!

चित्रफीत जगभर पोहोचली आणि २००५ च्या डिसेंबरात गर्दी उसळली. जवळच अपघात झाला, तेव्हा वाहनांच्या कोंडीमुळे पोलिसांना तिथे पोहोचता येईना. त्याने खेळच थांबवला.

भोंग्याऐवजी रेडिओ निवडणारा हा माणूस मला आवडलाच. पण वेळेवर बटण बंद केले, म्हणून अधिक आवडला.