मावशीचे सोंग : एका विलायती प्रहसनाचे मराठी रूपांतर आणि त्याची देशी पार्श्वभूमी

हिंगोलीजवळ कयाधू नदीच्या काठी असलेले नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून वारकरी संप्रदायात पूज्य मानले जाते. नामदेवांचा जन्म परंपरेने इ. स. १२७० मध्ये झाला असे मानतात. कुळाचा धंदा शिंप्याचा. त्यांच्या नावावरील गाथेत बाळक्रीडेचे अभंग आहेत, तशाच गौळणीही आहेत. गौळणीत कवी पुरुष असतो. परंतु बोलते ती गोकुळातील स्त्री. तिची तक्रार, तिचा लटका राग, तिची ओढ ही सारी तो आपल्या मुखाने बोलतो. शिखांच्या आदिग्रंथाची सिद्धता १६०४ साली झाली. त्याच्या परंपरेत नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतील भैरव रागातल्या एका पदात नामदेव स्वतःला रामाची वेडी वधू म्हणवितात, त्याच्यासाठी शृंगार करतात आणि लोकनिंदा खुशाल होवो असे सांगतात. पंजाबात या पदाला कोणी हसले नाही. कारण तेथील भक्तिकाव्यातही जीव हा वधू व ईश्वर हा वर ही कल्पना रुळलेली होती.

हे उदाहरण आरंभी देण्याचे कारण असे की, पुरुषाने स्त्रीरूप धारण करणे ही गोष्ट स्वभावतःच हास्यकारक आहे असा जो आधुनिक समज आहे, तो इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. स्त्रीवेशाची किंवा स्त्रीवाणीची कृती एका देशातून दुसऱ्या देशात जाते तेव्हा तिची भाषा बदलतेच. परंतु त्याहून महत्त्वाचा बदल हा की, तिच्यातील हसण्याची जागा बदलते. ही जागा मूळ लेखक ठरवीत नाही. ती स्वीकारणाऱ्या समाजाची पूर्वपरंपरा ठरविते. ‘मोरूची मावशी’ या नाटकाच्या इतिहासावरून हे विधान तपासून पाहता येते.

२

ब्रँडन टॉमस या इंग्रज नाटककाराचे ‘चार्लीज आँट’ हे प्रहसन प्रथम २९ फेब्रुवारी १८९२ रोजी बरी सेंट एडमंड्स येथे रंगभूमीवर आले व त्याच वर्षाच्या डिसेंबरात लंडनला पोचले. तेथे त्याचे सलग १,४६६ प्रयोग झाले. कथानक ऑक्सफर्डमधील विद्यार्थ्यांचे आहे. दोघा तरुणांना आपल्या प्रेयसींना भोजनास बोलवावयाचे आहे. परंतु वडीलधाऱ्या स्त्रीच्या उपस्थितीवाचून कुलीन मुलींनी तरुणांच्या खोलीवर येणे त्या काळी शिष्टसंमत नव्हते. चार्लीची श्रीमंत विधवा आँट ब्राझीलहून यावयाची असते, ती वेळेवर येत नाही. तेव्हा हौशी नाटकासाठी म्हातारीचा पोशाख जवळ असलेल्या एका मित्राला तिच्या जागी उभे करतात. पुढे तिच्या संपत्तीच्या लोभाने वृद्ध पुरुष तिची मनधरणी करू लागतात आणि अखेर खरी आँट अवतरते.

या प्रहसनाची सारी भिस्त एका गोष्टीवर आहे. रंगमंचावर इतर स्त्रीपात्रे खरोखरीच्या स्त्रिया असल्या पाहिजेत. इंग्लंडात १६६० नंतर स्त्रिया रंगभूमीवर येऊ लागल्या होत्या. त्यामुळे १८९२ च्या प्रेक्षकाला झग्यातील पुरुष पाहताक्षणी विसंगत वाटे, आणि त्या विसंगतीतून हशा उत्पन्न होई.

३

त्याच काळातील मराठी रंगभूमीची स्थिती नेमकी उलट होती. संगीत नाटकाच्या वैभवकाळात स्त्रीभूमिका प्रामुख्याने पुरुषच करीत. त्यास ‘स्त्रीपार्टी’ नट म्हणत. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत शकुंतलेच्या भूमिकेत उभे राहिले आणि १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाल्यावर त्यांच्या लुगड्याची, अंबाड्याची व दागिन्यांची ढब घरंदाज स्त्रियांनी उचलली. येथे पुरुषाच्या अंगावरचे लुगडे हास्याचा विषय नव्हते. ते सौंदर्याचे प्रमाण होते.

अशा रंगभूमीवर ‘चार्लीज आँट’ची गंमत उभी राहणेच कठीण. ज्या मंचावर नायिका, तिची सखी आणि तिची आई हे तिन्ही पुरुषच आहेत, तेथे चौथा पुरुष बाई होऊन आला तर त्याला वेगळे ओळखावे कसे? प्रेक्षकांनी जे गृहीत धरलेले आहे त्यालाच हसा, असे त्यांस सांगण्यासारखे ते झाले असते.

ही स्थिती पालटण्यास एक दुसरे रूपांतर साहाय्यभूत झाले, हा इतिहासातील मौजेचा योग होय. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे श्री. वि. वर्तकांचे नाटक सादर केले. त्याचा आधार नॉर्वेजियन नाटककार ब्यर्नसन याच्या नाटकाचा होता. त्यात ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या. तत्पूर्वीही स्त्रिया रंगभूमीवर आलेल्या होत्या. परंतु नव्या गद्यप्रधान, वास्तववादी नाटकात स्त्रीने स्त्री होणे हा येथून पुढे नियम होऊ लागला. स्त्रीपार्टी नटाची परंपरा ओसरू लागली आणि तिच्याबरोबर पुरुषाच्या अंगावरील लुगड्याचा जुना अर्थही ओसरला. जे प्रमाण होते ते अपवाद झाले, आणि अपवाद झाल्यावरच ते हास्यास्पद होऊ शकले.

प्र. के. अत्रे यांनी ‘चार्लीज आँट’चे ‘मोरूची मावशी’ हे रूपांतर केले ते यानंतर, १९४० नंतरच्या दशकात. मूळ प्रहसनाला मराठीत असे मानाचे स्थान मिळण्यास अर्धशतक लागले, त्याचे कारण भाषांतरकारांची उदासीनता नव्हे. त्यास लागणारा रंगमंच येथे तोवर तयार झालेला नव्हता, असे म्हणावयास हरकत नाही.

४

रूपांतरकाराची खरी परीक्षा शीर्षकापासूनच सुरू होते. इंग्रजीतील ‘आँट’ या एका शब्दात आत्या, मावशी, काकू व मामी या चौघी सामावतात. मराठीत त्यांतील एकीची निवड करावीच लागते, आणि प्रत्येक निवडीबरोबर एक निराळे घर उभे राहते. आत्या ही वडिलांच्या घरची, म्हणून मानाची व काहीशी धाकाची. मुलाबाळांच्या नामकरणापर्यंत तिचा हक्क चालतो. काकू व मामी लग्नाने आलेल्या. मावशी मात्र आईची सख्खी, मायेची आणि धाक नसलेली. ‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण सर्वश्रुत आहे. तरुणांनी जिच्या आडून खोड्या कराव्यात अशी वडीलधारी बाई मराठी घरात हीच असू शकते.

तथापि या शब्दाला दुसरे एक, रंगभूमीवरचे वळण आहे, आणि ते अधिक महत्त्वाचे होय. तमाशाच्या बारीत गणानंतर गौळण येते. गौळणी मथुरेच्या बाजाराला निघतात. कृष्ण व पेंद्या त्यांची वाट अडवितात. या गौळणींबरोबर एक थोराड, फटकळ, वयस्क बाई असते. ती कृष्णाशी हुज्जत घालते, त्याच्याकडून उत्तरे वदवून घेते आणि सभेला हसविते. ही भूमिका पुरुष नटाची, आणि तिचे नावच ‘मावशी’. तरुण मुलींच्या सोबतीला असणारी वडीलधारी स्त्री, ती स्त्री म्हणजे सोंग घेतलेला पुरुष, आणि तिच्याशी होणारी लटकी लगट, हे ‘चार्लीज आँट’मधील तीनही घटक गौळणीत पूर्वीपासूनच होते.

संतांच्या गौळणीपासून तमाशाच्या गौळणीपर्यंत येताना मूळ स्वर पुष्कळ बदलला. नामदेवादी संतांच्या गौळणीत पुरुष स्त्रीवाणीने बोलतो ते देवाच्या जवळ जाण्यासाठी. तमाशातील मावशी देवालाच वाटेत थांबवून त्याची झडती घेते. पण दोहोंत सूत्र एकच आहे. स्त्रीरूप हे येथे अपमानाचे चिन्ह नसून बोलण्याचा परवाना आहे. पुरुष म्हणून जे बोलता येत नाही ते मावशी होऊन बोलता येते. ऑक्सफर्डमधील विद्यार्थी झग्यात अवघडतो आणि त्या अवघडण्याला प्रेक्षक हसतात. मराठी मावशी पदर खोचून उभी राहिली की ती मंचाची मालकीण होते, आणि प्रेक्षक तिला नव्हे, तर तिच्यापुढे फजीत होणाऱ्या पुरुषांना हसतात. हशा वस्त्रावरून निघून लोभावर व दांभिकतेवर स्थिरावला. १९८५ साली ‘सुयोग’ संस्थेने हे नाटक पुन्हा रंगभूमीवर आणले, तेव्हा विजय चव्हाण यांच्या मावशीला जी अफाट लोकप्रियता लाभली, तिचे मर्म याच अंगभूत सहजतेत आहे.

५

हाच नियम चित्रपट व दूरचित्रवाणी यांनाही लागू पडतो. १९८८ सालचा सचिन पिळगावकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ हा ऋषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ या १९६६ च्या हिंदी चित्रपटावर आधारलेला. तेथे वेशांतराचे निमित्त शिष्टाचार हे नाही. शहरात अविवाहित तरुणांना भाड्याची जागा मिळत नाही, हे आहे. ॲन फाइन यांच्या १९८७ च्या कादंबरीवरून अमेरिकेत १९९३ साली ‘मिसेस डाउटफायर’ निघाला. त्याचा आधार घेऊन १९९६ साली तमिळमध्ये ‘अव्वै षण्मुखी’ आला. अव्वैयारची स्त्रीभूमिका गाजविणारे नट टी. के. षण्मुगम यांच्या नावाचे स्मरण त्या शीर्षकातच आहे. पुढे १९९७ साली हिंदीत ‘चाची ४२०’ झाला, तेव्हा कमल हासन यांनी घेतलेले सोंग लक्ष्मी गोडबोले या मराठी बाईचे होते. प्रत्येक रूपांतरकाराने आपापल्या प्रदेशातील आदरपात्र प्रौढ स्त्रीच शोधली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. २०१४ पासून झी मराठी वाहिनीवर गाजलेल्या ‘चला हवा येऊ द्या’ या विनोदी कार्यक्रमात भाऊ कदम, सागर कारंडे यांनी वारंवार केलेल्या स्त्रीभूमिका याच परंपरेतील होत.

परंतु येथेच या परंपरेची मर्यादाही स्पष्ट होते. प्रहसनातील स्त्रीवेश शेवटच्या अंकात उतरावाच लागतो. तो उतरणार ही खात्री असते म्हणूनच प्रेक्षक निर्धास्तपणे हसतो. ज्यांच्या बाबतीत ते सोंग नसून स्वरूपच आहे, त्या जोगत्यांना व तृतीयपंथीयांना या हास्यात स्थान नव्हते; असले तर टवाळीचे. मावशीसाठी टाळ्या वाजविणारा प्रेक्षक नाटकगृहाबाहेर त्यांच्याशी निराळा वागे. सतीश आळेकरांच्या ‘बेगम बर्वे’ (१९७९) या नाटकाने स्त्रीपार्टी नटाच्या उतारवयातील विपन्नावस्थेतून, राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’ (२००९) या चित्रपटाने देवीच्या नावाने लुगडे नेसाव्या लागलेल्या तरुणाच्या कथेतून आणि रवी जाधव यांच्या ‘नटरंग’ (२०१०) या चित्रपटाने तमाशातील नाच्याच्या अवहेलनेतून हा प्रश्न पुढे आणला. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या स्वतंत्र ओळखीस मान्यता दिली. रवी जाधव यांनीच २०२३ साली गौरी सावंत यांच्या जीवनावर ‘ताली’ ही हिंदी मालिका केली. तीत वेश उतरण्याचा अंक नाही, कारण तो वेशच नव्हे.

६

सारांश, ‘मोरूची मावशी’ हे विलायती बीज असले तरी ते ज्या मातीत रुजले ती माती गौळणीची होती. म्हणूनच त्यातील हास्य निर्मळ राहिले. उद्या परदेशातील एखादी तृतीयपंथी जीवनाची चित्रकथा मराठी दूरचित्रवाणीच्या विनोदी मालिकेत आणावयाची झाली, तर रूपांतरकारास दोन वाटा उपलब्ध आहेत. एक, सोंग उतरेल म्हणून हसावयाची; ती मळलेली आहे. दुसरी वाट तिच्याहून जुनी आहे. कयाधूच्या काठी जन्मलेल्या शिंप्याच्या मुलाने आपल्या पदात वधूचा जो साज चढविला, तो पद संपल्यावरही उतरविला नाही. नामदेवांस आजच्या अर्थाची कोणतीही संज्ञा लावण्याचे कारण नाही. इतकेच लक्षात घ्यावयाचे की, न उतरणाऱ्या स्त्रीरूपाचा आदर करण्याची रीत या भाषेस परकी नाही. हसावयाचेच असेल, तर त्या पदात ज्यांच्याकडे पाठ फिरविली आहे त्या निंदकांना हसावे.