पकड आणि सुटका : इंजिन सुरू करणाऱ्या क्लचच्या अभ्यासाची प्रस्तावना

अंतर्ज्वलन इंजिनाला पहिला फेरा स्वतःच्या बळावर घेता येत नाही. वाफेच्या इंजिनात वाफ आधीच दाबाखाली तयार असते. झडप उघडली की दट्ट्याला रेटा मिळतो. विजेच्या मोटरला बटण दाबताच जोर येतो. पेट्रोल किंवा डिझेलच्या इंजिनाला मात्र आधी हवा आत ओढायची असते, ती दाबायची असते, आणि मगच इंधन पेटते. एवढे करायला लागणारी ताकद त्याच्याकडे येते ती पेटल्यावर. म्हणून पहिले काही फेरे बाहेरून द्यावे लागतात. ते माणसाच्या हाताने दिले गेले, पायाने दिले गेले, बॅटरीवरच्या मोटरने, शेजारी बसवलेल्या छोट्या इंजिनाने, अगदी दारूच्या काडतुसानेही दिले गेले.

फिरवणारा आणि फिरणारा यांची गाठ फार तर दोन-तीन सेकंदांची. तेवढ्यात एकाने दुसऱ्याला घट्ट धरायचे आणि इंजिनाने पेट घेताच त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचे. धरणे त्या मानाने सोपे. दातांत दात अडकवले की झाले. पण सोडायचे कधी, कुणाच्या हुकमाने, आणि ते दरवेळी न चुकता घडेल याची हमी कशात शोधायची? या विषयाचा खरा प्रश्न हा आहे. माझ्या मते त्याची सर्वांत सुंदर उत्तरे ती, ज्यांत हुकूम देणारे कुणीच नसते. दोन भागांपैकी कोण जास्त वेगाने फिरतो आहे, एवढ्यावरच धातूचा आकार निर्णय घेतो. हे एकदा नीट पाहिलेल्या विद्यार्थ्याला यंत्रशास्त्र कोरडे वाटत नाही, असा माझा विश्वास आहे, आणि त्याच विश्वासाने मी वाचकाला या विषयात बोलावतो आहे.

सुटका का हवी, हे आकड्यांत लगेच कळते. फ्लायव्हीलवरच्या रिंगला १२० दात आणि स्टार्टरच्या पिनियनला, म्हणजे मोटरवरच्या छोट्या दातेरी चाकाला, १० दात धरा. पिनियनचे बारा फेरे झाले की इंजिनाचा एक होतो. हे प्रमाण मुद्दाम निवडलेले असते, कारण त्यामुळे लहानशी मोटर बारापट पीळ देऊन मोठे इंजिन मिनिटाला शे-दोनशे फेऱ्यांपर्यंत नेऊ शकते. पण इंजिन पेटले की तोच गुणाकार मोटरवर उलटतो. चालकाने ॲक्सिलरेटर जरा दाबला, इंजिन २,५०० फेऱ्यांवर गेले, आणि पिनियन अजून रिंगमध्येच असले, तर आर्मेचरला मिनिटाला ३०,००० फेरे घ्यावे लागतील. तेवढ्या वेगात तांब्याचे वेढे खाचांतून बाहेर फेकले जातात आणि मोटर आतल्या आत जाम होते. चालकाचा हात किल्लीवरून किती चपळाईने निघतो, यावर हे सोपवता येत नाही.

आजच्या बहुतेक मोटारींत यावर उपाय आहे तो रोलर क्लचचा. पिनियनच्या मागे एक पोलादी कवच असते. कवचाच्या आतल्या अंगाला काही खोबणी असतात. प्रत्येक खोबण एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला चिंचोळी. प्रत्येकीत एक रोलर, आणि त्याला चिंचोळ्या बाजूकडे हलकेच रेटणारी एक बारीक स्प्रिंग. मधोमध पिनियनची गुळगुळीत गोल बाही. मोटर कवच फिरवू लागली की रोलर चिंचोळ्या बाजूला रुततात आणि कवच व बाही एक होऊन फिरतात. दाराखाली सरकवलेली पाचर दार ढकलावे तशी आणखी घट्ट बसते आणि दार उलट ओढले की सुटते, तसेच हे. इंजिन पेटून बाही कवचाच्या पुढे धावू लागली की तीच रोलरांना रुंद बाजूला लोटते. मग पिनियन कितीही वेगाने फिरो, मोटरला त्याची झळ लागत नाही.

रोलर रुतेल की घसरेल, हे ठरवणारे गणित शाळेतल्या भूमितीएवढे आहे. रोलरवर दोनच ठिकाणी बल येते, बाहेरून कवचाचे आणि आतून बाहीचे. तो स्थिर राहायचा तर ही दोन बले एकाच रेषेत, समोरासमोर हवीत. त्यातून अट निघते ती अशी : दोन्ही स्पर्शबिंदूंवरच्या स्पर्शरेषांमध्ये जो कोन असेल, त्याच्या निम्म्याचे टॅन्जन्ट घर्षणगुणकाहून कमी असले पाहिजे. वंगण लागलेल्या पोलादाचा घर्षणगुणक ०.१ धरला, तर निम्मा कोन ५.७ अंशांच्या आत राहायला हवा. कोन त्याहून मोठा झाला तर रोलर रुतणारच नाही. मग सुरक्षिततेसाठी तो अगदी लहान का ठेवू नये? कारण कोन जितका लहान, तितका तोच पीळ पोचवताना रोलर कवचावर आणि बाहीवर जास्त दाब टाकतो. पृष्ठभागाला खड्डे पडतात, आणि रोलर असा रुतून बसतो की सुटायच्या वेळी सुटत नाही. म्हणजे न धरण्याचा दोष आणि न सोडण्याचा दोष यांच्यामध्ये काही अंशांचीच पट्टी आहे. ग्रीसची निवडही याच हिशेबात येते. ते थंडीत घट्ट झाले तर रोलर वेळेवर सरकत नाहीत, आणि फार निसरडे असले तर पकडच जाते. गॅरेजमध्ये ‘सेल्फ नुसताच फिरतोय, इंजिन उचलत नाही’ असे म्हणतात, तेव्हा बिघाड अनेकदा इथेच असतो.

विद्यार्थ्यांच्या नजरेतून सहसा निसटणारी एक गोष्ट इथेच सांगतो. हा क्लच इंजिन पेटल्यावर एकदाच सुटतो, असे नाही. इंजिन नुसते फिरवले जात असतानाही त्याचा वेग एकसारखा नसतो. दट्ट्या हवा दाबत वर जातो तेव्हा इंजिन मंदावते. माथा ओलांडला की तीच दाबलेली हवा दट्ट्याला खाली रेटते आणि इंजिन क्षणभर मोटरच्या पुढे जाते. त्या क्षणी क्लच सुटतो आणि पुढच्या दाबाला पुन्हा पकडतो. सेल्फ मारताना ऐकू येणारा चढता-उतरता आवाज याच लयीचा असतो. म्हणून क्लचचे आयुष्य मोजताना गाडी किती वेळा सुरू केली एवढे मोजून भागत नाही; प्रत्येक वेळी त्याने किती वेळा पकडले आणि सोडले, तेही धरावे लागते.

पुढे धावणाऱ्या इंजिनाला आपोआप सोडण्याच्या या कल्पनेचे मूळ हातदांड्यात आहे. दांड्याच्या तोंडाशी आणि क्रँकशाफ्टच्या टोकाशी तिरके कापलेले दात असत. सुलट फिरवताना दातांची सरळ बाजू लागे. इंजिन पुढे धावले की तिरकी बाजू दांड्याला बाहेर ढकलून देई. भारतात अँबॅसिडरच्या पिढीपर्यंत हा दांडा गाडीसोबत असे. दांड्याने शिकवलेला धडा पुढच्या सगळ्या रचनांना लागू पडतो. एकदिशा क्लच इंजिन पुढे धावण्यापासून वाचवतो, उलट फिरण्यापासून नाही. ठिणगी वेळेआधी पडली आणि इंजिनाने मागे झटका दिला, तर हेच दात आणखी घट्ट अडकतात आणि तो सगळा झटका मनगटावर येतो. मनगटाजवळच्या हाडाच्या एका मोडीला वैद्यकशास्त्रात शोफरचे फ्रॅक्चर म्हणतात, ते यामुळेच. अंगठा दांड्याभोवती न गुंडाळता बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवावा आणि दांडा खालून वर ओढावा, ही जुन्या चालकांची शिकवण बलांच्या अचूक समजेतून आलेली आहे.

चार्ल्स केटरिंग यांनी हा दांडा हातातून सोडवला. त्याआधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत गल्ल्याच्या यंत्रासाठी मोटर करताना त्यांना उमगले होते की क्षणभरच चालणाऱ्या मोटरकडून तिच्या आकाराच्या मानाने पुष्कळ जास्त काम घेता येते. डेटनमधल्या त्यांच्या डेल्को कंपनीने केलेला इलेक्ट्रिक स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकवर आला. इतिहासाच्या पुस्तकांत मोटरचे कौतुक होते आणि क्लच मागे राहतो, याची मला खंत वाटते. डेल्कोच्या त्या काळच्या संचात एकच यंत्र मोटरचेही काम करी आणि जनरेटरचेही. इंजिन सुरू करताना ते एका मार्गाने इंजिनाला फिरवी, आणि नंतर इंजिन दुसऱ्या मार्गाने त्याला फिरवी. या दोन मार्गांवर दोन एकदिशा क्लच होते, म्हणूनच ही अदलाबदल चालकाच्या नकळत होई.

व्हिन्सेंट बेंडिक्स यांची वाट वेगळी होती, आणि मला ती फार आवडते. त्यांनी पिनियन एका आट्यांच्या दांड्यावर सैल बसवले. मोटर झटक्यात फिरू लागली की जड पिनियन जडत्वामुळे मागे रेंगाळते, म्हणून आट्यांवरून पुढे सरकत जाऊन रिंगमध्ये शिरते. इंजिन पेटून रिंगच पिनियनला वेगाने फिरवू लागली की तेच आटे त्याला मागे नेतात. तरफ नाही, चुंबक नाही. मधली जाड स्प्रिंग तेवढी धक्के सोसते. एल्मायरा इथली एक्लिप्स मशीन कंपनी हे यंत्र बनवू लागली. ही कंपनी आधी सायकलींचे कोस्टर ब्रेक बनवत असे. पुढे धावणाऱ्या चाकाला मोकळे कसे सोडायचे, हे तिच्या कारागिरांच्या हातात आधीच होते. पण या रचनेत दोन उणिवा होत्या. फिरते पिनियन स्थिर रिंगवर आदळत असल्याने दात झिजत, आणि इंजिनाने एकदाच खोटा पेट घेतला तरी पिनियन मागे पळून जाई. म्हणून पुढे सोलेनॉइडने पिनियन आधी दातांत नेऊन मगच मोटरला पूर्ण वीज देण्याची पद्धत रूढ झाली, आणि सुटकेचे काम रोलर क्लचकडे आले. आपल्या गॅरेजांत मात्र या नव्या संचालाही आजतागायत ‘बेंडिक्स’च म्हणतात.

विमानांच्या आणि ट्रॅक्टरांच्या रचनांचा इथे ओझरताच उल्लेख करतो, जरी त्या स्वतंत्र अभ्यासाच्या योग्यतेच्या आहेत. ब्रिटिश वैमानिक बेंटफील्ड हक्स यांनी फोर्ड मॉडेल टीच्या सांगाड्यावर एक लांब दांडा बसवला. तो पंख्याच्या तुंब्यात अडके आणि इंजिन पेटताच बाहेर फेकला जाई. जडत्व-स्टार्टरमध्ये लहानसे चाक हाताने प्रचंड वेगाला नेऊन मग इंजिनाला जोडत, आणि मध्ये घसरणाऱ्या चकत्यांचा क्लच ठेवत, म्हणजे झटक्याने काही मोडू नये. कॅटरपिलरच्या डिझेल ट्रॅक्टरांवर मोठे इंजिन फिरवायला एक छोटे पेट्रोल इंजिन असे.

महाराष्ट्रात हा विषय परका नाही. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला हॅंडल मारणारा शेतकरी डिकॉम्प्रेशनची मूठ उचलून झडप उघडी ठेवतो, फ्लायव्हीलला वेग देतो, आणि मूठ सोडताच साठलेल्या गतीच्या जोरावर पहिला दाब पार करतो. हॅंडल आपोआप मोकळे होते. पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने हे ज्ञान गावोगाव नेले. आकुर्डीच्या जुन्या चेतक स्कूटरची किक मारलेल्या प्रत्येकाने रॅचेटची पकड पायाखाली अनुभवली आहे. गॅरेजमधल्या कारागिरांकडे तर असे निरीक्षण असते जे अभियांत्रिकीच्या वर्गात क्वचितच ऐकायला मिळते. चार सिलिंडरच्या इंजिनाची रिंग सगळीकडे सारखी झिजत नाही. समोरासमोरच्या दोन जागीच तिचे दात खाल्लेले असतात. इंजिन बंद होताना दर वेळी कुठल्या तरी दट्ट्यावरच्या दाबामुळे ते जवळपास त्याच दोन जागी थांबते, आणि पिनियन नेमके तिथेच शिरते. जुने मिस्त्री रिंग तापवून काढत आणि पाव फेरा फिरवून पुन्हा बसवत. झिजलेले दात बाजूला जात आणि रिंगला दुसरे आयुष्य मिळे. या एका कृतीत इंजिनाचे चक्र, दाब आणि दातांची झीज यांचा पूर्ण विचार आहे. अशा ज्ञानाला या अभ्यासात तळटीपेची नव्हे, मजकुराची जागा हवी.

आजचे प्रश्न दोन दिशांनी येतात. सिग्नलला बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या गाड्यांमुळे सुरू करण्याची संख्या कितीतरी पटींनी वाढली. काही रचनांमध्ये पिनियन कायम दातांतच ठेवून एकदिशा क्लच रिंग आणि क्रँकशाफ्ट यांच्यामध्ये नेला गेला. मोठ्या एक-सिलिंडर मोटरसायकलींमध्ये गोल रोलरांऐवजी तिरके उभे राहणारे स्प्रॅग वापरतात. तेवढ्याच जागेत ते जास्त संख्येने मावतात, म्हणून जास्त पीळ पेलतात. पण इंजिनाने मागे झटका दिला की त्यांच्यावरही हातदांड्याचाच प्रसंग येतो, म्हणून अनेक उत्पादक वाटेत पीळ मर्यादेबाहेर गेल्यास घसरणारा क्लच घालतात. दुसऱ्या दिशेला क्लचच नाहीसा होतो आहे. २०२० च्या होंडा ॲक्टिव्हा ६जीमध्ये जनरेटरच क्रँकशाफ्टवर बसून स्टार्टरचेही काम करतो. दात नाहीत, रोलर नाहीत, आवाजही नाही. केटरिंग यांचा दुहेरी संच या वळणाने परत आला आहे, मात्र त्यातले क्लच गळून पडले आहेत, कारण सोडण्याचे काम आता इलेक्ट्रॉनिक्स करते. मोठ्या डिझेल इंजिनांना लागणारा पीळ पाहता तिथून दाते इतक्यात हटतील असे मला वाटत नाही.

या विषयात येण्यासाठी घर्षणाचा कोन, पिळाचा हिशेब आणि थोडी भूमिती पुरेशी आहे. पण पहिले पान उलटण्याआधी एक करा. जवळच्या गॅरेजमधून भंगारात टाकलेला एखादा बेंडिक्स मागून आणा. कवच एका हातात धरा आणि पिनियन दोन्ही बाजूंना फिरवून पाहा. एकीकडे ते फिरेल, दुसरीकडे अडेल. अडत नसेल तर आणखी चांगले : कवच कापून रोलर बाहेर काढा, मायक्रोमीटरने मोजा, बाहीवरचे खड्डे भिंगाखाली पाहा, आणि तो का धरेनासा झाला ते वहीत लिहा. पहिले प्रकरण तुमच्या त्या नोंदीवरच सुरू होते.